चार माणसांसमोर

९ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद लिहिण्याचा हक्क मी कधीच घालवून बसले आहे, तेव्हा सरळ सुरुवात करते. मला नोकरी लागली. हसू नकोस. साठीला दोन वर्षं उरलीत, जिना चढताना गुडघे माझ्याआधी बोलतात, आणि मला नोकरी लागली ती आपल्याच फाटकघरात. पाण्याचं फाटक उघडायचं नाही, चक्री फिरवायची नाही. फक्त लोकांना दाखवायची आणि सांगायचं, ही चक्री.

नगरपालिकेला जाग आली आहे. गिरण्या बंद पडून वीस वर्षं झाली, कालव्यावरची निम्मी फाटकं भंगारात गेली, आणि आता त्यांना कळलं की हे सगळं जपण्यासारखं होतं. बैल गेला आन् झोपा केला. मोठ्या गिरणीच्या भिंती धुऊन काढल्यात, विटा अशा लाल दिसतात की आपल्याला त्या तशा कधी दिसल्याच नव्हत्या. धुराड्याला खालून दिवे लावलेत. रंगघरात कॉफीचं दुकान निघालंय, आणि लोक तिथे हौसेने पोपडे उडालेल्या भिंतीकडे तोंड करून बसतात. ती भिंत मुद्दाम रंगवली नाही म्हणे. तिथे काम करणाऱ्यांनी तीस वर्षं ती रंगवून मागितली होती.

कालव्याचं पाणी स्वच्छ झालंय. आपल्या लहानपणी सोमवारी निळं आणि गुरुवारी तांबडं वाहायचं, आणि त्यावरून आपण वार ओळखायचो. आता तळ दिसतो. मी पहिल्यांदा तळ पाहिला तेव्हा मला बरं वाटलं नाही, पण ते पर्यटकांना सांगायचं नसतं.

वरच्या आपल्या दोन खोल्या 'जुन्या काळचं कामगारांचं घर' म्हणून उघडल्या आहेत. आबांच्या जागी एक खाट ठेवलीय. आपली नाही, कुठून तरी आणलेली, जास्त चांगली. मला सांगावं लागतं की इथे फाटकवाल्याचं तिघांचं कुटुंब राहायचं. परवा एक बाई म्हणाल्या, किती छान, किती आटोपशीर. मी म्हटलं, हो, इतकं आटोपशीर की एकाला जावंच लागलं. त्यांना विनोद कळला नाही, ते बरंच झालं.

आबा गेले तेव्हा तू पाठवलेलं कार्ड माझ्याजवळ आहे. 'ज्या दिवशी तू चार माणसांसमोर सांगशील, त्या दिवशी येईन. त्याआधी बोलावू नकोस.' नऊ वर्षं मी बोलावलं नाही. आताही बोलावत नाही, नुसती बातमी कळवते आहे. तुझा पत्ता तोच असेल असं धरून चालते.

ताई


२ मार्च

बारक्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमन दिसला की मान वळते, त्याला काय करू.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली कसली, राहू दिली. फाटकघरात खालच्या खोलीत काचेची पेटी आहे. तिच्यात पाणसोडीचं रजिस्टर उघडं ठेवलंय. सातशे पानांचं रजिस्टर, पण उघडलंय तेच पान. वरून दिवा सोडलाय, शेजारी साखळीला भिंग बांधलंय. रविवारी सकाळी दहाला आणि दुपारी चारला मी लोकांना त्या पेटीभोवती उभं करते आणि छापून दिलेला कागद वाचते: 'चोवीस वर्षांपूर्वी याच ठिकाणी, फाटकावरील हंगामी कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे, गिरणीखालच्या कमानीत गाळ काढणारे दोन कामगार बुडून मरण पावले.' मग एक ओळ सोडून: 'या घटनेनंतर सुरक्षेचे नियम बदलण्यात आले.' मग मी म्हणते, चला, आता कमानीकडे.

कागदात तुझं नाव नाही, हे मी तुला उपकार म्हणून सांगत नाही.

लोक भिंगातून बघतात. रकाना बघतात, 'खाली कोणी आहे का?' आणि त्यापुढचं शाईतलं 'नाही'. कोणी विचारतं, एवढं साधं काम, खाली जाऊन बघायचं, तेवढंही जमलं नाही? मी म्हणते, सरकारी नियम होता. जो चक्री फिरवणार त्यानेच आधी कमानीच्या तोंडापर्यंत जायचं, तीन हाका मारायच्या, ऐकायचं, परत येऊन लिहायचं आणि मग फाटक उघडायचं. ते माना डोलावतात. आपला घरचा नियम मी सांगत नाही. तो आता जगात दोघांनाच माहीत आहे, आणि त्यातला एक पत्राला उत्तर देत नाही.

तुला आठवतं का आबांनी तो कसा शिकवला? पाळी संपवून जाणाऱ्याने बघायचं, पाळीवर येणाऱ्याने फिरवायचं. जो आधीच चिखलात आहे त्याने चिखलात उतरायचं, धुतलेले कपडे घालून आलेल्याने कशाला? सकाळीच दिवसभराचे तीन 'नाही' शिसपेनने लिहून टाकायचे, आणि खरंच बघून आलं की त्यावर शाई फिरवायची. शिसपेन म्हणजे बघायचं आहे. शाई म्हणजे बघितलं, खुशाल सोड. साहेबांना वाटायचं आपलं अक्षर काय ठळक आहे. दोघांचंही अक्षर एकच, आबांनी एकाच पाटीवर गिरवून घेतलेलं.

त्या दिवशी मी आबांचं औषध आणायला गेले होते. चौकशीत तसंच लिहिलंय.

ताई


१९ एप्रिल

बारक्या,

हे पत्र तुला आवडणार नाही. मलाही आवडत नाहीये, दोनदा फाडून झालं.

गेल्या रविवारी चारच्या फेरीला एक बाई आल्या होत्या. तिशीच्या, एकट्या, डॉक्टर घालतात तसे पांढरे बूट. पेटीपाशी सगळे पुढे गेले तरी त्या तिथेच थांबल्या, भिंग न घेता नुसत्या वाकून बघत होत्या. मी म्हटलं, ताई, पुढे चला, वेळ होतो. त्या म्हणाल्या, 'यातले एक माझे वडील.'

मी काय करावं? मी त्यांना पाणी दिलं. माणसाला पाणी द्यायचं सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि तेही धड येत नाही.

सहा वर्षांच्या होत्या त्या तेव्हा. वडील डबा विसरून गेले होते, म्हणून शाळेतून येताना आईबरोबर कमानीपर्यंत डबा द्यायला आल्या, तेव्हा तिथे माणसं जमली होती. एवढंच त्यांना आठवतं. डबा कोणाच्या हातात होता तेही आठवत नाही. आई म्हणायची, फाटकावरचा मुलगा दारू पिऊन होता. बारक्या, तू तर तेव्हा चहाही अर्धा घ्यायचास. मी म्हटलं, नाही, पिऊन नव्हता तो. त्या म्हणाल्या, तुम्हाला काय माहीत? मी म्हटलं, कागदपत्रात तसं काही नाही.

मग त्यांनी रकान्याच्या दिशेने बोट केलं आणि विचारलं, हे त्यानेच लिहिलं ना?

मी म्हटलं, ज्याची पाळी त्याचं.

अगदी हेच शब्द. चौकशीत साहेबांनी मला विचारलं होतं, दुपारचं 'नाही' कोणाच्या हातचं, तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. खोटं नव्हतं ते, म्हणून तर इतकं सोपं गेलं. तू समोर बाकावर बसला होतास. माझ्याकडे बघितलंस आणि गप्प राहिलास, आणि साहेबांनी ते गप्प राहणं कबुली म्हणून लिहून घेतलं. तुला दीड वर्ष तुरुंग झाला. मला बढती नाही मिळाली, पण खोल्या राहिल्या.

आबा म्हणाले होते, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगा आहे, तरुण आहे, कुठेही पोट भरेल, तू कायम नोकरीत आहेस, तुझी गेली तर मला या खाटेसकट रस्त्यावर ठेवतील. ते बरोबर होतं. बरोबरच होतं, म्हणून मी चोवीस वर्षं ते धरून बसले.

त्या बाई जाताना म्हणाल्या, तो माणूस जिवंत आहे का हो? मी म्हटलं, माहीत नाही. ते मात्र खरं होतं.

ताई


११ मे

बारक्या,

आता सगळं लिहिते. तुला यातलं निम्मं माहीत आहे, उरलेलं निम्मं तू कधी विचारलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी तपासनीस येणार होता. आठवडाभर आपण दोघांनी आळस केला होता, बघून यायचो पण शाई फिरवायला विसरायचो, आणि मागच्या वेळी त्याने शिसपेनवर लाल शेरा मारला होता. म्हणून सकाळी मी दौत घेऊन बसले आणि मागच्या सहा दिवसांवर शाई ओढत आले. हाताला ओघ लागला होता. शनिवार झाला, रविवार झाला, सोमवार झाला, आणि ओघात त्या दिवशीच्या दुपारवरही शाई गेली. लगेच लक्षात आलं. मी स्वतःशी म्हटलं, असू दे, अडीच वाजता आपण जाणारच आहोत बघायला. मग खरं होईल ते.

औषध आदल्या दिवशीच आणलं होतं. मी दोन वाजताच निघाले, सिनेमाला. रंगघरातला कारकून, निळ्या नखांचा, तू त्याला नीलमणी म्हणायचास, त्याने तिकिटं काढली होती. माझं वय चौतीस होतं आणि मला त्याआधी कोणी तिकीट काढून दिलं नव्हतं. गाळाचं काम पुढच्या आठवड्यात होतं, कमानीत कोणी असणारच नव्हतं. तुला चिठ्ठी ठेवायची होती, 'आजची शाई खोटी, जाऊन बघ'. पेनही हातात होतं. मग वाटलं, चिठ्ठी तपासनिसाच्या हाती लागली तर?

तू तीनला पाळीवर आलास, शाई बघितलीस, चक्री फिरवलीस. गाळवाल्यांच्या मुकादमाने काम आठवडाभर आधी काढलं होतं, कोणाला न कळवता. ते दुसऱ्या तोंडाने आत शिरले होते. पण मी अडीचला जाऊन तीन हाका मारल्या असत्या तर त्यांनी ओ दिली असती. कमानीत आवाज किती घुमतो तुला माहीत आहे. नुसतं खाकरलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं.

सिनेमा कसा होता ते मला आठवत नाही. नीलमणीही पुन्हा दिसला नाही.

हे सगळं मी काल वारसा कार्यालयातल्या मॅडमना सांगितलं. तरुण आहे पोरगी, हुशार, डोळ्यांत पाणीबिणी आलं तिच्या. म्हणाली, मावशी, हे फार मोठं आहे. मी म्हटलं, मग तो कागद बदला, भिंतीवरची पाटी बदला, लिहा की हंगामी कर्मचाऱ्याचा दोष नव्हता. त्यावर ती म्हणाली, पाटी मंजूर होऊन आली आहे, त्यात फेरफार करायचा तर चौकशीचं जुनं प्रकरण उघडावं लागेल, दोन्ही पक्षांचे जबाब लागतील, वर जावं लागेल. 'पण तुम्ही तुमच्या शब्दांत लोकांना सांगायला माझी काहीच हरकत नाही,' ती म्हणाली. 'उलट सांगाच.'

तर येत्या रविवारी सांगते. चार माणसं तर नेहमीच असतात.

ताई


१८ मे

बारक्या,

सांगितलं. चार नाही, सतरा माणसं होती. मोजून घेतली.

सकाळी दहाच्या फेरीला कागद घडी करून खिशात ठेवला. पेटीपाशी आल्यावर मी काचेला हात लावून उभी राहिले, आणि काचेला हात लावू नका असं मीच सगळ्यांना सांगत असते. मी म्हटलं, या पानावर एका माणसाला दोष दिला जातो, तो माझा भाऊ आहे. त्याने ते 'नाही' लिहिलेलं नाही. ते माझं आहे. भिंग घ्या आणि बघा, त्या आठवड्याच्या सगळ्या 'नाही'ना एकाच दौतीची शाई आहे, खाली शिसपेन दिसेल. मग शाई, शिसपेन, आबा, तू, सिनेमा, सगळं. सिनेमाही सांगितला. आवाज फुटला, मध्येच रडू आलं, एक वाक्य दोनदा म्हटलं. पाणी वाहतं तेवढा आवाज येत होता.

आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला आधी कळलंच नाही कसला आवाज. एक वयस्कर गृहस्थ पुढे आले, चष्मा पुसत. म्हणाले, अंगावर काटा आला हो, किती वर्षं नाटकात आहात? मी म्हटलं, हे नाटक नाही, खरं आहे. ते म्हणाले, तेच तर, तेच तर! आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. मी दोघा-तिघांना सांगून बघितलं. ते हसून मान डोलावत होते, जसं मुलाने मी वाघ आहे म्हटल्यावर आपण डोलावतो. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी म्हटलं, चला, कमानीकडे. काय करणार, पुढची फेरी असते.

पण सांगितलं, बारक्या. त्यांनी कसं घेतलं तो माझ्या हातचा भाग नाही. तुझ्या कार्डात 'सांगशील' असं आहे, 'पटवशील' असं नाही. तेव्हा आता बोलावते. ये. स्टेशनवरून सात नंबरची बस थेट गिरणीच्या दाराशी येते. जुन्या रस्त्याने नको येऊस, तो खणून ठेवलाय. माझी खोली एकच आहे, पण खाट मोठी आहे, मी खाली झोपेन. आलास की काही बोलायला नको. जेव, झोप, हवं तर भांड.

ताई


६ जुलै

बारक्या,

सात आठवडे झाले. बसथांब्यावर मी जात नाही, पण खिडकीतून थांबा दिसतो हे खरं.

इथलं सांगते. मॅडम खूश आहेत. रविवारी माणसं मावत नाहीत, नावं आधी नोंदवावी लागतात. मॅडमनी मला जुना खाकी कोट आणून दिला, पितळी बटणांचा. आपल्याला कधी कोट नव्हता मिळाला, तो वरच्या फाटकावरच्यांना असायचा. मी म्हटलं, आम्ही कोट घालत नव्हतो. त्या म्हणाल्या, लोकांना चित्र उभं राहतं. मी घातला. उकडतं.

तुझ्यापासून काय लपवायचं आता? मी घातला, आणि मला तो शोभतो असंही वाटलं. आणखी एक. कुठे थांबायचं ते मला कळायला लागलंय. 'ते माझं आहे' म्हटल्यावर मनात तीन मोजायचे, मग पुढे बोलायचं. चौथ्या रविवारी हे आपोआप झालं, पाचव्या रविवारी मी मुद्दाम केलं. सिनेमाचं आधी सांगायचे, आता शेवटी सांगते, तिथे बायका तोंडाला पदर लावतात. टाळी पडली नाही तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं. एकदा आठच माणसं होती आणि गप्प निघून गेली, तर मी घरी येऊन विचार करत बसले की आज काय कमी पडलं. मग माझीच मला लाज वाटली. पण पुढच्या रविवारी परत तीन मोजले.

त्या पांढऱ्या बुटांच्या बाई पुन्हा आल्या. कुठल्या तरी वर्तमानपत्रात आलं होतं, ते वाचून. त्यांना मी गर्दीत उभं केलं नाही. बाहेर बाकावर बसवलं, कोट काढून ठेवला आणि साधं सांगितलं, मोजणं नाही, काही नाही. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं मारतील, मारावं असं वाटलं. मग म्हणाल्या, 'मी चोवीस वर्षं एका माणसाचा राग केला. आता तुमचा करायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. माझ्यात तेवढं राहिलं नाही.'

उठल्या आणि गेल्या. बस येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्या आईला हे सांगणार का, असं मी विचारायला हवं होतं. आई आहे का, तेही विचारलं नाही.

मॅडमना मी काल म्हटलं, पुरे आता हे, ते पान बंद करा, दुसरं कुठलंही उघडा, सातशे आहेत. त्या म्हणाल्या, मावशी, लोक त्या पानासाठीच येतात. तुम्ही नाही सांगितलं तर दुसरी कोणी सांगेल, एक मुलगी पाठांतर करून तयारही आहे. ती 'ते माझं आहे' म्हणून सांगेल. ते तर मला मुळीच सोसणार नाही. म्हणून मीच सांगते.

तू लवकर आलास तर बरं, बारक्या. मी हे जितक्या वेळा सांगते तितकं ते माझ्यापासून लांब जातंय. थोड्या दिवसांनी तुला सांगायला माझ्याकडे फक्त फेरीतलं उरेल.

ताई


१७ ऑगस्ट

बारक्या,

तू आलास हे मला माहीत आहे.

चारच्या फेरीला सव्वीस जण होते. मी पेटीपाशी उभी राहिले, कोट नीट केला, सुरुवात केली. अर्ध्यावर आल्यावर तू दिसलास. सगळ्यात मागे, दाराला टेकून, डाव्या हाताने पाठीमागून उजवं कोपर धरलेलं. आबा असे उभे राहायचे. डोकं पिकलंय तुझं. मला वाटलं होतं तू जाड झाला असशील, पण उलट झालंय.

मला थांबता आलं असतं. हे मी स्वतःला दहा दिवस विचारते आहे, तेव्हा उत्तर बरोबर आहे. सव्वीस माणसांना बाजूला सारून तुझ्यापाशी यायला कितीशी पावलं होती? पण तोंडात वाक्य होतं, आणि वाक्याला ओघ होता. 'तो माझा भाऊ आहे' मी तुझ्यासमोर म्हटलं, आणि तुझ्याकडे न बघता म्हटलं, कारण त्या वाक्याला मी खिडकीकडे बघते. 'ते माझं आहे' म्हटलं आणि तीन मोजले. तू तिथे असताना मोजले, बारक्या. मग आबा, शाई, आणि शेवटी सिनेमा.

टाळ्या पडल्या. मोठ्या पडल्या. तू माझ्याकडे बघत नव्हतास, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होतास, एकेकाकडे. तुझ्या शेजारची बाई डोळे पुसत तुला काहीतरी म्हणाली आणि तू मान हलवलीस, परक्या माणसाला हलवतात तशी.

मी म्हटलं, चला, आता कमानीकडे, पायऱ्या ओल्या आहेत, जपून. आणि पुढे चालू लागले. मनात म्हटलं, असू दे, दहा मिनिटांत परत येतेच आहे, मग नीट बोलू. कमानीपाशी कोणाला तरी माझ्याबरोबर फोटो हवा होता, मग दुसऱ्यालाही हवा झाला. परत आले तर पाच वाजायला आले होते आणि खोलीत पहारेकरी एकटाच केर काढत होता.

मी विचारलं, मागे दाराशी एक गृहस्थ उभे होते, काही बोलले का? तो म्हणाला, 'हो, बराच वेळ थांबले होते. भिंग घेऊन बघत होते. मग विचारलं, या बाई हे रोज सांगतात का? मी म्हटलं, रोज नाही हो, दर रविवारी, दोनदा. दोन्ही वेळा रडतात, अगदी खऱ्यासारखं.'

त्याचा दोष नाही. तो माझं कौतुक करत होता.

थांब्यावर धावत गेले. सात नंबर निघून गेली होती. दहा दिवस वाट बघून हे लिहिते आहे, कारण आता वाट बघायला काही कारण उरलं नाही. तू तुझा शब्द पाळलास. मी सांगितलं आणि तू आलास. तुला बोलवायला माझ्यापाशी आता दुसरी कुठली अट नाही.

एवढंच सांगते. मी दर वेळी रडते हे खरं आहे. दर वेळी त्याच जागी रडते, हेही खरं आहे.

ताई